ओट्यावरचं ऑनलाइन दुकान

"हसजो नको, एक आयडिया हाय."

हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, आता निदान अर्धा तास आपण कुठे जात नाही. चाची आधी चष्मा कपाळावर सरकवायची. चष्मा डोळ्यांवर असेल तर ती बांगड्या विकत असे, आणि कपाळावर असेल तर आयडिया.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असणारच. चहा गाळता गाळता ज्याला धंदा सुचतो आणि कप रिकामा होईपर्यंत ज्याच्या मनात त्याची दुसरी शाखाही उघडलेली असते. फरक एवढाच, की आपल्या ओळखीतली अशी माणसं बहुधा पंचविशीतली असतात. चाची साठीच्या पुढची होती. तिचं नाव मी सांगणार नाही. घाटंजीत सांगायची गरज नाही, तिथे सगळे तिला चाचीच म्हणतात. मनियाराचं घर, बाजाररोडवर दोन पायऱ्यांचा ओटा, आणि ओट्यावर खुंटीला टांगलेल्या काचेच्या बांगड्यांच्या माळा.

मी तेव्हा यवतमाळच्या एका छोट्या कंपनीत होते. तालुक्याच्या गावांतल्या दुकानदारांना ऑनलाइन विक्रीला लावायचं, हे कंपनीचं काम. आमच्या सरांच्या प्रेझेंटेशनमध्ये एक नकाशा होता आणि त्यावर चहूकडे जाणारे बाण. त्यातला एक बाण घाटंजीला जात होता. त्या बाणाच्या टोकाला मी होते.

मला ही नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. शाळा पूर्ण कॉन्व्हेंटची, त्यामुळे ईमेल चांगले लिहिता येत. बोलायचं म्हटलं की मात्र पंचाईत. फोन वाजला तर तो वाजून थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसते आणि मग मेसेज टाकते, 'कॉल केला होता का?' अशा मुलीला कंपनीने दुकानादुकानांत शिरून माणसं पटवायला पाठवलं.

पहिल्या दिवशी मी बाजाररोडवरून नुसत्या चकरा मारल्या. एकाही दुकानाची पायरी चढले नाही. शेवटी ओट्यावरून हाक आली.

"ओ पोट्टी! काय हरवलं वं तुह्यं?"

"काही नाही."

"मंग बस इथी. काही हरवलं नाई त काही सापडते का, पाहू."

मी बसले. तिने माझा हात ओढून घेतला, अंगठा आत दुमडला, बोटांची पेरं दाबून पाहिली. "लेकराचा हात हाय. काही खात गिती नाई का?" कोणी असा हात धरलेला मला आवडत नाही. ते सभ्यपणे कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करेपर्यंत माझ्या मनगटावर चार बांगड्या होत्या. पैसे तिने घेतले नाहीत. "पयली भरणी माह्याकडून," म्हणाली. "दुसऱ्यांदा आली की दोन्हीचे घेईन."

चाचीचा धंदा फिरतीचा. नवरा गेल्यापासून ती माळा खांद्यावर टाकून आसपासच्या गावांत फिरत होती. एसटीने जायचं, फाट्यावर उतरायचं, तिथून पायी. कोणत्या घरात सून आली, कोणाची पोरगी माहेरी आली, कोणाच्या दारात अजून पाणी विचारत नाहीत, सगळं तिला ठाऊक. पण गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, आता एसटीची पायरी चढायची नाही. मुलगा पुण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होता. त्याचं एकच, अम्मी, इकडे ये.

मुलगा चांगला होता, सूनही चांगली होती. अडचण तीच होती. वाईट असते तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"सातव्या मजल्यावर घर हाय त्याचं," चाची मला म्हणाली. "सातव्या मजल्यावर बांगड्या भरायले कोण येईन? चिमण्या?"

शेवटी मायलेकांत ठरलं, की पुढच्या ईदपर्यंत बघायचं. घरी बसून धंदा चालला तर मुलगा पुन्हा विषय काढणार नाही. नाही चालला तर ओट्याला कुलूप, आणि चाची पुण्याला. हे तिने मला सांगितलं ते सहज, माळेतली गाठ सोडवता सोडवता. मग चष्मा कपाळावर गेला. "तू ते ऑनलाइनवाली ना? हसजो नको, एक आयडिया हाय."

पहिली आयडिया व्हिडिओ कॉलची होती. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि चाची समोर माळा घेऊन बसली. पलीकडे एका गावातल्या बाईचा फोन. बघता बघता तिकडे सगळी गल्ली जमली. कोणी स्क्रीनमध्ये अर्धाच चेहरा घालत होतं, कोणी नुसतं कपाळ. बांगड्यांचा विषय पाच मिनिटांत संपला. मग कोणाची कमर दुखते, कोणाची गाय व्याली, कोणाच्या पोराला नोकरी लागली आणि तो अजून बिनलग्नाचा कसा. फोनची बॅटरी संपली तेव्हा एकही बांगडी विकली गेली नव्हती, पण एक सोयरीक जुळायच्या वाटेवर होती.

"मस्त चाललं ना?" चाचीने विचारलं.

"चाची, विक्री?"

"तू लय घाई करतं बाप्पा. बाई घरात आल्याबरोबर तिले कोणी बांगडी दाखवते का?"

समोरच्या कटलरीवाल्या भाऊंना आमच्या उद्योगांची फार मजा वाटायची. सकाळी शटर उचलायच्या आधीच ते ओट्यासमोर उभे.

"काय चाची, आज कोणतं ॲप?"

"तुह्यं शटर टाइमावर उघडणारं ॲप पाहून राह्यली, भाऊ. भेटलं की पयले तुलेच देतो."

भाऊ हसत हसत शटर उघडायला जायचे. ते खरंच उशिरा उघडत असत.

मग आम्ही एका मोठ्या ॲपवर दुकान टाकलं. ही आयडिया माझी. पांढऱ्या चादरीवर बांगड्या मांडून मी फोटो काढले आणि, सांगायला हरकत नाही, ते चांगले आले. ऑर्डरी यायला लागल्या. पहिली ऑर्डर पुणे भागातून आली तेव्हा चाचीने आनंद केला नाही. तिने चौकशी केली.

"कोण हाय ती?"

"माहीत नाही. नाव आणि पत्ता आहे."

"कोणाची कोण? लगन झालं का? गोरी हाय का सावळी?"

"ॲप ते सांगत नाही, चाची."

"मंग तिले कोणता रंग शोभते, मी कसं सांगू?"

"तिने निवडलाय रंग."

"तिनं? हातात न घालता?" चाचीने पार्सलासाठी काढलेल्या बांगड्या पुन्हा एकदा पुसल्या. त्या अनोळखी बाईची तिला काळजी वाटत होती.

काच फुटू नये म्हणून पार्सलात काय भरायचं, हा प्रश्न होता. मी बुडबुड्यांचं प्लास्टिक मागवणार होते. चाची म्हणाली, कायले? वेचणीचे दिवस, घराघरांत कापसाचे ढीग. शेजारच्या घरातून तिने ओटीभर कापूस आणला, सरकीसकट, आणि बांगड्या त्यात अशा बसवल्या की पार्सल हलवलं तरी किणकिण ऐकू येऊ नये. मलाही ते फार सुंदर वाटलं. यवतमाळ जिल्ह्यातला माल यवतमाळच्या कापसात. मी त्याचा फोटो सरांना पाठवला, सरांनी तीन अंगठे पाठवले.

चार दिवसांनी त्या ग्राहक बाईने एक तारा दिला आणि खाली फोटो टाकला. पांढऱ्याशुभ्र कापसावर गुलाबी, टपोरी, जिवंत बोंडअळी.

मी घाबरून फोन चाचीसमोर धरला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं. "फोटो साफ आला हाय," म्हणाली. मग मला उत्तर लिहायला लावलं. मी इंग्रजीतून माफी मागायला सुरुवात केली होती, पण तिला ते पुरेना. "लिही. बाई, ते बोंडअळी हाय. घाबरू नको. ते काचेले काही करत नाई, माणसाले काही करत नाई. ते फक्त कापसाले खाते. आमच्या इथी सगळ्यायले माहीत हाय."

मी ते लिहिलं नाही. हे तिला कधी सांगितलंही नाही.

अळीने फारसं बिघडलं नाही, बिघडवलं ते मापाने. काचेची बांगडी म्हणजे काही साडी नव्हे. दोन-चारच्या हाताला दोन-सहा गळून पडते आणि दोन-सहाच्या हाताला दोन-चार चढत नाही. ॲपवर बायका अंदाजाने माप टाकायच्या. पार्सलं परत येऊ लागली, काही फुटकी, काही तशीच. आम्ही उपाय काढला, की हाताचा फोटो शेजारी रुपया ठेवून पाठवा. फोटो आले. मेंदी काढलेले हात, मांडीवर बाळ घेतलेले हात, नेलपॉलिश दाखवायला बोटं फाकवलेले हात. रुपया एकीनेही ठेवला नव्हता. चाची प्रत्येक हात स्क्रीनवर मोठा करून बघायची आणि छातीठोक माप सांगायची. फोटोवरून सांगितलेलं तिचं माप जवळजवळ दर वेळी चुकलं.

"फोटोतल्या हाताले दाबता येत नाई," ती वैतागून म्हणाली. "हाड कसं हाय, कसं समजन?"

एक दिवस त्या ॲपने आमचं दुकान बंद केलं. परत येणारा माल फार झाला होता. इंग्रजीतला तो निरोप मी तिला मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "काहून बंद केलं? मी त कोणाशी भांडली नाई."

त्या दिवशी चष्मा कपाळावर गेला नाही. मी यवतमाळची बस पकडली आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले. ईद जवळ येत होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी एक बाई तणतणत ओट्यावर आली. जवळच्याच गावची, आमच्याकडून फोनवर बांगड्या मागवलेली. "चाची, ह्या काय पोरीच्या बांगड्या धाडल्या का मले? अंगठ्यावरच अडकून राह्यल्या!"

चाचीने तिचा हात हातात घेतला. दाबला. पुन्हा दाबला. "तुह्यं हाड वाढलं वं. पयले अशी नव्हती तू." मग दुसऱ्या माळेतून काढून, बोलत बोलत, त्या बाईला कळायच्या आत सगळ्या चढवल्या. बाई खूश होऊन उतरली. आणि चाचीचा चष्मा वर गेला.

"हसजो नको."

"नाही हसत."

"आता हात पाह्यल्याबिगर कोणालेच बांगडी द्यायची नाई. एक डाव इथी येऊन हात द्या, मंग घरूनच फोन करा."

"चाची, ऑनलाइनचा अर्थच असा, की यायला लागू नये."

"एक डावच त यायचं हाय. आधारकार्डाच्या वक्ताले नाई का गेली तू अंगठा द्यायले? का घरूनच फोटो धाडला होता अंगठ्याचा?"

मी ते जसंच्या तसं सरांना कळवलं. सरांनी पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये या कल्पनेला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं आणि ते नाव कोणा मोठ्या माणसाला आवडलं म्हणे. मी ते चाचीला सांगितलं. "नाव कायले पायजे?" ती म्हणाली. "लेकरू हाय का ते?"

पण चाललं. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशव्या ओट्याखाली ठेवून बायका रांगेने हात द्यायला बसायच्या. चाची दाबून माप सांगायची, मी ते तिच्या फोनमध्ये टाकायचे. नुसतं माप नाही. उजवा हात भारी. हिरव्या आवडत नाहीत, पण सासूसमोर सांगणार नाही. काचेवर सोनेरी रेघ चालेल, टिकल्या नको. मग आठवडाभर मी नव्या रंगांचे फोटो पाठवायचे, घरून फोन यायचे, आणि माल त्या त्या गावच्या ऑटोवाल्यासोबत जायचा, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये. चाचीचे हात गुंतलेले असायचे, म्हणून फोन मलाच उचलावा लागे. पहिल्यांदा मी तो वाजू दिला.

"उचल वं. चावत नाई तो."

उचलला. पलीकडच्या बाईने मला 'काय वं, चाचीची नवी सून का?' म्हणून सुरुवात केली. ती समजूत दूर करायचा मी पुढे कधी प्रयत्न केला नाही.

ईदला मुलगा आला. चाचीने मलाही बोलावलं होतं. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मी कोपऱ्यात बसले होते, जिथे मला बसायला आवडतं. मुलगा ओट्यावर बसून तासभर चाचीचा फोन बघत होता. ऑर्डरी, मापं, फोटो, बायकांचे निरोप. मध्येच हसायचा. चाची आत-बाहेर करत होती, गुडघा दुखत नाही हे दाखवायला जरा जास्तच भरभर.

"अम्मी, कमाल केली," तो शेवटी म्हणाला. अगदी मनापासून. "मला वाटलं नव्हतं."

"मंग? मी बोलली होती ना."

"सगळं फोनवर चालतं आता."

"सगळं!" चाची फुलून म्हणाली.

"मापंही सगळी यात आहेत?"

"सगळ्या बायकायची!"

"मग हे पुण्याहूनही चालेल की. माल तिथून पाठवू. तू आरामात बस आणि फोन घे."

तो हे डाव म्हणून बोलला नव्हता. त्याला खरंच तोडगा सापडल्याचा आनंद झाला होता. धंदाही राहतो, आईही येते. त्याच्या बोलण्यात चूक कुठे होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

चाची उभीच राहिली. मी तिच्याकडे बघत होते, चष्मा वर जाईल म्हणून. गेला नाही. इतके महिने ती जे सिद्ध करायला धडपडत होती, ते पुरेपूर सिद्ध झालं होतं, आणि त्यामुळेच ती हरली होती. ती मला एकदम म्हातारी दिसली. मला काहीतरी बोलायचं होतं. जिभेवर वाक्यंही आली, सगळी इंग्रजीत.

मग ती म्हणाली, "फोनवर चालते ना?"

"हो."

"तुह्या हातातच हाय ना तो?"

"हो, अम्मी."

"मंग तोच घेऊन जा पुण्याले. मी कायले येऊ?" आणि ती खाली बसून रिकाम्या वाट्या गोळा करायला लागली.

मुलगा हसायला लागला. "अम्मी, मजाक नको करू." तेवढ्यात फोन वाजला. त्याने आईकडे पाहिलं. तिने वाट्यांवरून नजर उचलली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाटीत पाहिलं. शेवटी त्यानेच उचलला, आणि चुकून स्पीकर सुरू झाला.

"चाची, ईद मुबारक! मी बोलून राह्यली. माह्या पोरीचं लगन जमलं वं!"

"चाची नाही... मी मुलगा बोलतो तिचा."

"हाव का? पुण्याचा? बरं झालं. हे पाय, नवरीले चुडा भरायचा हाय, आणि घरच्या पाच-सात जणीयले. कवा येऊ?"

"मापं... मापं बहुतेक आहेत आमच्याकडे. पाठवून देऊ का?"

ती बाई एवढ्या जोरात हसली, की समोरून भाऊंनी मान वर केली. "अरे बाप्पा, नवरीचा चुडा कोणी पार्सलनं धाडते का? तिच्या हातात भरन कोण, तू?"

मुलाचे कान लाल झाले. पलीकडून अजून चारपाच बायकांचं हसू ऐकू येत होतं. पण ती बाई आता नरमाईने बोलत होती. "माह्या हातात लगनाचा चुडा तुह्या मायनंच भरला, बाबू. पोरीलेही तिनंच भराव, असं हाय माह्यं. हाय ना ते घाटंजीत? का गेली पुण्याले?"

वाट्यांचा आवाज थांबला. चाची खाली बघूनच बसली होती, पदराने एक वाटी पुसत. ती वाटी आधीच कोरडी होती.

मुलाने आईकडे पाहिलं. पलीकडून 'हॅलो, हॅलो' सुरू झालं.

"या तुम्ही," तो म्हणाला. "इथंच हाय ते. कुठं जात नाई."

पुण्यात राहून सुधारलेली त्याची भाषा त्या वाक्यात पार घाटंजीची झाली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला. जायच्या आधी त्याने मिस्त्री बोलावून ओट्याच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा लावून घेतला आणि बसायला उंच खुर्ची आणली. खुर्चीवर चाची कधी बसली नाही. ती गिऱ्हाइकांसाठी झाली.

पुढच्या वर्षी मला नागपूरला नोकरी लागली. घाटंजीतला शेवटचा दिवस बाजाराचाच होता. निरोप घ्यायला गेले तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चाचीने बायकांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहून, "चाय पिऊन जाजो," एवढं सांगितलं आणि लगेच विसरली. मी थोडा वेळ उभी राहिले आणि स्टँडवर गेले.

बस बाजाररोडवरूनच निघाली. गर्दीमुळे ओट्यासमोर हळू झाली. कोणा नवरीचा हात चाचीच्या हातात होता, हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडावर आलेली. बाजूला तांब्याला टेकवलेला फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भर बाजारात ओरडले, "चाची!"

तिने ऐकलं. हनुवटी जराशी वर केली. पण बांगडी हाडावर आली की मध्येच सोडता येत नाही. तिने नवरीचा अंगठा आत दाबला, तिला काहीतरी विचारलं, आणि ती पोरगी उत्तर देऊ लागली तशी बांगडी सरकवली. बस वळली.